दर पावसाळ्यात सेटटॉप बॉक्स उडतोय? नवीन आणायच्या आधी हे तपासा

सेटटॉप बॉक्स गेला, नवीन आणला, काही महिन्यांनी तो पण गेला, मधे एकदा एलएनबी (गच्चीवरच्या छत्रीसमोर असतो तो सिग्नल पकडणारा डबा) गेला, मग अ‍ॅडॅप्टर, मग परत बॉक्स, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकदा गेला तर माल खराब निघाला म्हणा, वीज पडली म्हणा, काय पण म्हणा. पण एकाच घरात परत परत जात असेल आणि शेजारच्या घरात तसलाच बॉक्स वर्षानुवर्षं बिनघोर चालत असेल तर बॉक्सचा काय दोष नाही वो, घरातलंच काहीतरी त्याला मारतंय. माझ्या बघण्यात तरी ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा दोनातलं एक असतं, केबलमधून उतरलेलं पाणी नाहीतर घराचं अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी वायर आणि तिचा खड्डा. पाण्याचं निदान डिशवाल्याला माहिती असतं, अर्थिंगकडे कोण ढुंकून पण बघत नाही.

सगळ्यात आधी बॉक्सचं नेमकं काय गेलंय ते बघायचं. 'बॉक्स गेला' एवढं म्हणून भागत नाही, कारण कुठला भाग गेला त्यावरून मार कुठल्या बाजूनं आला ते कळतं. लाल लाईट पण लागत नाही, एकदम मेलाय, तर आधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघा, बहुतेक बॉक्सला १२ व्होल्टचा लागतो, मागे स्टिकरवर लिहिलेलं असतं. अ‍ॅडॅप्टर बदलून चालला तर मार लाईटच्या बाजूनं आलाय. बॉक्स चालू होतोय, मेन्यू दिसतोय, पण सिग्नल शून्य, आणि तीच केबल दुसऱ्याच्या बॉक्सला लावली की सिग्नल येतो, म्हणजे तुमच्या बॉक्सचा ट्यूनर (केबलचा सिग्नल घेणारा भाग) किंवा एलएनबीला करंट देणारा चिप उडालाय, मार छत्रीच्या केबलमधून आलाय. आणि बॉक्स चालू आहे पण टीव्हीवर चित्रच नाही, अशा वेळी ती जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर लावून बघा, तिच्यावर चित्र आलं तर एचडीएमआयचं पोर्ट गेलंय, बॉक्सचं तरी नाहीतर टीव्हीचं तरी. हा तिसरा प्रकार दिसला की मी सरळ अर्थिंगवर संशय घेतो, का ते पुढं सांगतो.

आणि एक टेस्ट फुकटची आहे ती करा. बॉक्स सारखा रीस्टार्ट होत असेल तर लाईट बंद करून छत्रीची केबल मागून काढा आणि परत चालू करा. केबल काढल्यावर बॉक्स नीट चालू राहिला तर बॉक्स ठीक आहे, एलएनबी किंवा केबल शॉर्ट आहे नाहीतर अ‍ॅडॅप्टर कमजोर झालाय आणि एलएनबीचा लोड त्याला पेलत नाही. पिनेमधे जाळीचा (केबलच्या मधल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते तिचा) एखादा केसाएवढा तार मधल्या तांब्याला चिकटलेला असतो, तेवढ्यानं पण हे होतं. बॉक्स बदलायची गरजच नसते अशा वेळी, पण बदलून देतात.

आता काही गोष्टी बिघाड नसतातच, त्या बाजूला काढू. पाऊस धो धो लागला की चित्र फुटतं आणि पाऊस थांबला की येतं, ते चालायचंच, आपल्याकडचे डीटीएच सगळे केयू बँडवर आहेत आणि त्या फ्रिक्वेन्सीला पावसाचं पाणी सिग्नल खातं. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपताना-ऑक्टोबर लागताना थोडे दिवस रोज ठराविक वेळेला काही मिनिटं सिग्नल जातो, ते सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागं येतो म्हणून, दूरदर्शनच्या फ्री डिशचं कोल्हापुरात हे सकाळी अकराच्या आसपास होतं. तेवढ्यासाठी कुणी छत्री हलवू नका. मला माहितीये एक जण असेल जो लगेच गच्चीवर जाऊन नटबोल्ट ढिले करतो, आणि मग दोन दिवस घरात बायको बोलत नाही.

हलवायचीच वेळ आली तर फ्री डिश जीसॅट-१५ या सॅटेलाइटवर आहे, ९३.५ अंश पूर्व. कोल्हापुरातून ते आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतं. छत्री बघताना मात्र ती एवढी वर बघतीय असं वाटत नाही, कारण आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, तोंड खाली दिसलं तरी नजर वर असते. सेट करताना मेन्यूतली स्ट्रेंथ बघू नका, क्वालिटी बघा. स्ट्रेंथ तर छत्री आकाशात कुठंही धरली तरी थोडीफार दाखवते.

अजून एक फसवं लक्षण आहे, अर्धे चॅनेल येतात आणि अर्धे येत नाहीत. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो, त्यावरून एलएनबी ठरवतो की उभं पोलरायझेशन (सिग्नलच्या लहरींची दिशा) घ्यायचं की आडवं. केबल लांब आणि हलकी असली की बॉक्समधून १८ निघालेले वर पोचेपर्यंत १५ पण राहत नाहीत, एलएनबीला वाटतं १३ च आलेत, आणि आडवे चॅनेल सगळे गायब. स्वस्तातल्या केबलचा मधला तार तांब्याचा नसतोच, लोखंडावर तांब्याचा मुलामा असतो. लोहचुंबक लावून बघा, चिकटला की समजलं. दहा-बारा मीटरला चालून जातं, तीन मजले उतरून आणली तर नाही. इथं पण बॉक्स आणि एलएनबी दोन्ही बदलून होतात आणि प्रॉब्लेम तिथंच राहतो.

पाण्याबद्दल आता. एलएनबीचं तोंड जिथं केबल लागते तिथं रबरी टोपी असते, ती उन्हानं तडकते किंवा बसवणारा ती लावतच नाही, खिशात घालून परत नेतो. चिकटपट्टी गुंडाळतात पण काळी इन्सुलेशन टेप आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चिकट गोळा होऊन सुटते, आणि मग जूनमधे पाणी आत. आत गेलेलं पाणी तिथंच थांबत नाही, जाळीच्या आणि बाहेरच्या काळ्या कव्हरच्या मधून उतरत उतरत खाली बॉक्सपर्यंत येतं, कारण गच्ची वर आणि बॉक्स खाली. बॉक्सच्या मागची पिन काढून बघा, जाळी हिरवट झाली असेल किंवा मधला तार काळा पडला असेल तर ती केबल टाकून द्या, पुढचा एक फूट कापून नवीन पिन लावायचा नाद करू नका, पाणी पार आतवर गेलेलं असतं. नवीन केबल टाकताना बॉक्समधे शिरायच्या आधी आणि घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला ठिबकून जातं. पिन पिळून बसवायची नको, दाबून बसवायची कॉम्प्रेशनवाली घ्या, आणि वर स्वतःच्या स्वतः चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते ती गुंडाळा, त्यावर साधी टेप. मधे भिंतीत कुठं जोड असेल तर तो जोड काढा. रंगकाम करताना पेंटरनं केबल तोडून परत जोडलेली असती आणि वरून पुट्टी मारलेली असती, हे पण बघितलंय.

एवढं सगळं करून पण जात असेल तर पुढचं वाचा, खरा विषय इथून आहे.

कोल्हापूरजवळ पाचगावला आमच्या मामांचं घर आहे, माळावर, दोन मजली, वर गच्चीवर छत्री. तिथं ट्यूनर गेला, बॉक्स बदलून मिळाला, एलएनबी गेला, परत बॉक्स गेला, आणि मग नवीन टीव्हीचं एक एचडीएमआय पोर्ट गेलं तेव्हा मामांनी मला फोन केला. डिशवाला येऊन प्रत्येक वेळी 'वीज पडली असणार काका' म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन जायचा. मामा म्हणाले, "अरे वीज पडायला आमचं घर काय पन्हाळ्याच्या बुरुजावर हाय का, आणि पडली तर फ्रीज कसा जगला?" प्रश्न अगदी बरोबर होता. वीज पडली असती किंवा लाईनमधून मोठा झटका आला असता तर एकट्या बॉक्सवर भागलं नसतं.

धागा सापडला तो मामीच्या बोलण्यातून. पावसात कपडे वाळत घालायची तार छत्रीच्या अँगलला बांधलेली होती, आणि मामी म्हणाली की ओल्या हातानं तार धरली की कधी कधी झिणझिण्या येतात, "पण सारखं नाही, मोटर चालू असली की." हे वाक्य ऐकल्यावर मी टीव्हीचा विषय बाजूला ठेवला आणि मामांना सांगितलं की आधी ती तार सोडा आणि वायरमनला बोलवा, कारण गच्चीवरच्या लोखंडाला करंट येतोय म्हणजे माणूस मरायचं काम आहे.

वायरमन आल्यावर छत्रीची केबल बॉक्सपासून काढून बाजूला धरली आणि केबलच्या बाहेरच्या धातूच्या पिनेत आणि टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टच्या पत्र्यात मल्टीमीटर लावला, एसीवर. मोटर बंद असताना थोडे व्होल्ट, मोटर चालू केली की ८०-९० च्या घरात. आता नुसत्या डिजिटल मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. आजकालच्या टीव्ही, बॉक्स, चार्जरच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या कुठल्याही उपकरणाच्या पत्र्यावर मीटर शंभर-एकशेदहा दाखवू शकतो आणि त्याच्यात दम काही नसतो. म्हणून वायरमननं त्याच दोन टोकांना छोटा बल्ब समांतर लावला. पोकळ व्होल्टेज असतं तर बल्ब लावल्या लावल्या शून्यावर आलं असतं. इथं आलं नाही, बल्ब मिणमिणता पेटला. म्हणजे खरा करंट.

मग काय झालं होतं ते उलगडत गेलं. बोअरच्या मोटरच्या वाइंडिंगला ओल लागून ती बॉडीला लीक होत होती. मोटरची अर्थिंगची हिरवी वायर बोर्डातून सगळ्या घराच्या अर्थिंगला जोडलेली, ते बरोबरच आहे, पण तिथून पुढं खड्ड्याकडे जाणारी पट्टी क्लॅम्पपाशी गंजून तुटलेली होती, झुडपात, कुणाला दिसत पण नव्हती. म्हणजे घरातल्या सगळ्या तीन पिनच्या सॉकेटची अर्थिंगची पिन जमिनीला जोडलेलीच नव्हती, उलट मोटरचा लीकेज सगळ्या घरभर वाटायचं काम करत होती. मामांच्या टीव्हीला तीन पिनचा प्लग होता, सगळ्याच टीव्हीला नसतो. तर तो करंट मोटरपासून अर्थिंगच्या वायरनं टीव्हीच्या बॉडीवर, तिथून एचडीएमआयच्या पत्र्यातून बॉक्सवर, बॉक्समधून केबलच्या जाळीवर, जाळीतून छत्रीवर, आणि छत्री ज्या अँगलवर होती तो स्लॅबच्या सळईला वेल्ड केलेला, म्हणून तिथून पावसानं भिजलेल्या स्लॅबमधून जमिनीत. अख्ख्या घराचं अर्थिंग त्या बारक्या एचडीएमआय केबलमधून चाललं होतं. उन्हाळ्यात स्लॅब कोरडा म्हणून करंट कमी, पावसाळ्यात ओला म्हणून जास्त, म्हणून सगळं पावसाळ्यातच जात होतं आणि सगळे विजेला शिव्या घालत होते.

मग लोक विचारतात, एवढा लीकेज होता तर एमसीबी का पडला नाही? कारण एमसीबी लीकेजसाठी नसतोच, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असतो. समजा अर्थिंगचा रस्ता १०० ओहमचा आहे, तर २३० व्होल्टला सव्वादोन अँपिअरच जाणार, आणि तुमचा एमसीबी असतो १६ नाहीतर ३२ चा, त्याला पत्ता पण लागत नाही. पण सव्वादोन अँपिअर माणसाला मारायला फार झाले. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही की तो पडतो. मामांच्या बोर्डात तो नव्हता. जुन्या घरात बहुतेक नसतोच, आणि असला तर 'सारखा पडतोय' म्हणून कुणीतरी बायपास केलेला असतो. सारखा पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय वो.

ज्यांच्या टीव्हीला दोनच पिना आहेत त्यांना हा एवढा मोठा रस्ता लागू होत नाही, पण एक छोटी भानगड त्यांच्याकडे पण आहे. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही अर्थिंगशिवाय तरंगत असतात, ते वर सांगितलेलं शंभरेक व्होल्ट त्यांच्या पत्र्यावर असतं, आणि छत्री जमिनीला टेकलेली. चालू लाईटमधे छत्रीची केबल बॉक्सला लावायला गेलात की आधी कोण टेकतं? मधला तार. बाहेरचा पत्रा नंतर. म्हणजे साठलेलं सगळं आधी मधल्या तारेतून, ट्यूनरच्या चिपमधून मोकळं होतं. शिवाय मधल्या तारेवर एलएनबीचे १३-१८ व्होल्ट असतात ते लावताना जाळीला टेकले तर शॉर्ट वेगळाच. म्हणून केबल काढताना-लावताना आधी टीव्ही आणि बॉक्स दोघांचे प्लग भिंतीतून काढायचे, नुसतं रिमोटनं बंद करून चालत नाही. प्लग आधी, केबल नंतर. लावताना उलटं, केबल आधी, प्लग नंतर.

घरी तपासायचं असेल तर काय करता येईल? मीटर वापरायची सवय असेल तर तीन पिनच्या सॉकेटमधे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं मोजा. पहिलं २३० च्या आसपास, दुसरं जवळपास तेवढंच, तिसरं एक-दोन-तीन व्होल्ट. तिसरं जर तीस-चाळीसच्या वर दाखवत असेल किंवा मोटर-गिझर चालू केल्यावर उडी मारत असेल तर अर्थिंग नाही असं समजून वायरमनला बोलवा. सवय नसेल तर हे करूच नका, आणि काही लोक फेज आणि अर्थमधे १०० चा बल्ब लावून बघतात ते तर अजिबात स्वतः करू नका, अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज येतो, त्या वेळेला कुणी फ्रीजला हात लावला की झालं. वायरमन करतो तेव्हा घरच्यांना बाजूला उभं करून करतो.

दुरुस्ती अशी केली. मोटर काढून वाइंडिंगला दिली, आरसीसीबी बसवला, आणि अर्थिंगचा खड्डा नवीन केला. पाचगाव, कळंबा, आर. के. नगर या बाजूला खाली मुरूम आणि काळा पाषाण, ओल धरत नाही, त्यामुळे कसबा बावड्याच्या किंवा नदीकाठच्या काळ्या रानात जे अर्थिंग आरामात मिळतं ते इथं मिळत नाही. अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती मीठ-कोळसा नाहीतर तयार पावडर मिळते ती, आणि उन्हाळ्यात अधनंमधनं बादलीभर पाणी. एका पाईपनं भागलं नाही म्हणून थोड्या अंतरावर दुसरा घालून दोन्ही जोडले. बिल्डरनं बांधलेल्या घरात खड्ड्यावर सिमेंटचं झाकण असतं, ते उचलून बघा, कधी कधी खाली खड्डाच नसतो, नुसतं झाकण असतं.

छत्रीचं काय? छत्रीच्या अँगलला जाड हिरवी वायर लावून ती घराच्या त्याच अर्थिंगला आणून जोडली. त्याच, हे महत्त्वाचं. डिशवाले कधी कधी सांगतात की छत्रीला वेगळा खड्डा करा. वेगळा केला आणि घराच्या अर्थिंगला जोडला नाही तर जवळपास वीज पडल्यावर त्या दोन खड्ड्यांच्या व्होल्टेजमधे काही हजारांचा फरक पडू शकतो, आणि ते दोन खड्डे जोडणारी एकच गोष्ट घरात असते, छत्रीची केबल आणि तिच्या टोकाला तुमचा बॉक्स. दुसरा खड्डा करायचा तर करा, पण जाड वायरनं पहिल्याला बांधा. केबलच्या लाईनमधे बसवायचा सर्ज अरेस्टर मिळतो, गॅस ट्यूबवाला, तो केबल घरात शिरते तिथं बसवून त्याच अर्थिंगला दिला. अर्थिंग नसताना तो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, झटका जमिनीत सोडायला त्याला जमीन पाहिजे ना. स्पाइक गार्डच्या बोर्डाचं पण तेच, शिवाय त्याच्या आतला भाग दर झटक्याला थोडा थोडा मरत जातो, वरचा लाल दिवा पेटतोय म्हणून तो अजून वाचवतोय असं नाही.

खरी वीज पडली तर यातलं काहीही वाचवत नाही, ते पण सांगून ठेवतो. आपल्याकडे वळीव एप्रिल-मे मधे दुपारनंतर येतो, आधी वारं, मग गडगडाट, मग पाऊस, आणि जुलै-ऑगस्टच्या संततधारेपेक्षा विजा या वळवातच जास्त. गडगडाट ऐकू आला की प्लग काढा, मग केबल काढा, आणि काढलेलं केबलचं टोक टीव्हीच्या मागं बॉक्सला चिकटून लोंबकळत ठेवू नका, हातभर लांब ठेवा. अगदी डोक्यावर कडाडायला लागलं असेल तर मात्र केबलला हात लावू नका, बॉक्स गेला तरी चालेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' म्हणून मोबाईल अ‍ॅप आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं, शेतातल्या लोकांसाठी म्हणून केलंय पण बॉक्सचा प्लग काढायला पण उपयोगी आहे.

लाईटच्या बाजूनं जो मार येतो त्यात डीपीवरचा (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल तुटणं हा सगळ्यात वाईट. तसं झालं की सिंगल फेजला २३० च्या जागी ३०० च्या वर, पार चारशेकडे जाऊ शकतं, कुठल्या फेजवर किती लोड आहे त्यावर. पंखा एकदम पळायला लागला, बल्ब पांढरे फटक झाले, आणि दुसऱ्या खोलीतला किंवा शेजारच्या घरातला मिणमिणायला लागला की कारण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा. यासाठी बोर्डात बसवायचं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतं, व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की लाईन तोडतं आणि नीट झाल्यावर थोड्या वेळानं परत जोडतं. गावाकडं मोटरपंपांच्या लाईनवर घर असेल तर हे लावाच, साधा स्टॅबिलायझर रिले खटखट करेपर्यंत अ‍ॅडॅप्टर गेलेला असतो. आणि लाईट गेली की बॉक्सचं बटण बंद करायची सवय लावा, आल्यावर दोन-चार मिनिटांनी चालू करा.

बाकी किरकोळ. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल नको, बॉक्स इन्व्हर्टरच्या डोक्यावर नको, गरम होऊन आतले कपॅसिटर फुगतात. मुंग्या आणि झुरळं उबेला आत जातात, पालीचं पिल्लू सप्लायवर चिकटून शॉर्ट झालेला बॉक्स मी उघडून बघितलाय. डुप्लिकेट अ‍ॅडॅप्टर हातात घेतला की हलका लागतो, अ‍ॅम्पिअर स्टिकरवर २ लिहिलेलं असलं तरी देत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांनी सॉकेटच्या आतली अर्थिंगची टोकं एकदा बघून घ्या, बाहेरून बोर्ड नवीन बसवलेला असतो आणि मागे पाईपातली वायर तीच जुनी, हिरवं बुरशीसारखं चढलेली.

डिशवाला परत आला तर त्याला लगेच नवीन बॉक्स काढायला लावू नका, तीन प्रश्न विचारा: जुन्या बॉक्सचा ट्यूनर गेला की सप्लाय, केबलच्या पिनेत हिरवं आलंय का, आणि केबल काढून तिच्या पत्र्यात आणि टीव्हीच्या पत्र्यात किती व्होल्ट येतात. तिसऱ्याला त्यानं 'ते आमचं काम नाही' म्हटलं तर त्याचं बरोबर आहे, ते खरंच वायरमनचं काम आहे, त्या दिवसापुरता नवीन बॉक्स लावून घेऊ नका, पिशवीतच ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.